शनिवार, पाच ते सहा

१ जानेवारी २०१२, रविवार. सकाळी ६.१०

कंपनीने दिलेली नवी डायरी. गेल्या वर्षीही दिली होती. ती १९ जानेवारीपर्यंत भरली, पुढे दुधाचा हिशोब. यंदा तसं होणार नाही. यंदा मी वेगळा माणूस आहे.

संकल्प: रोज पहाटे मगरपट्ट्याला दोन चकरा. वजन ८४ वरून ७४. चहा दिवसाला दोनच. आणि पूर्णिमाची तक्रार क्लोज करणे.

तक्रार अशी, की लेक होस्टेलला गेल्यापासून या घरात दोन माणसं राहतात असं तिला वाटत नाही. एक ती राहते आणि एक चार्जर राहतो. काल जेवताना म्हणाली. मी हसलो. ती हसली नाही. मग शांतपणे म्हणाली, आठवड्यातला एक तास मला हवाय. पूर्ण, फोनशिवाय. सहा महिने बघते, नाहीतर पुढचं मी ठरवीन.

पुढचं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. स्कोपमध्ये नसलेलं आपण होऊन विचारायचं नसतं. वीस वर्षं प्रोजेक्ट्स आणि तेवढीच वर्षं संसार केल्यावर एवढं कळतं.

बाहेर थंडी फार आहे. चकरा उद्यापासून.

३ जानेवारी, मंगळवार

पूर्णिमाने तास शोधला. (ती लोणी काळभोरच्या एका कॉलेजात सहायक ग्रंथपाल आहे. शोधण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.) कॅम्पात स्विंग डान्सचा ग्रुप क्लास, दर शनिवारी पाच ते सहा. जोडीने करायचा जुना अमेरिकन नाच. क्लास 'ऑनगोइंग' आहे, म्हणजे कधीही सुरू करा, संपत नाही. हे मला खटकलं. ज्याला एंड डेट नाही त्याचं प्लॅनिंग कसं करायचं? पण हो म्हटलं. तक्रार तीन दिवसांत निकाली. असा रिस्पॉन्स टाइम आमच्या क्लायंटलाही मिळत नाही.

परभणीला मित्रांच्या वरातीत नाचलेलो आहे. बेस तयार आहे.

चकरा: गुडघ्याला जपायला हवं, शनिवारी क्लास आहे.

७ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ७.३०

पहिला क्लास. उत्तम झाला.

जुना हॉल, लाकडी जमीन, एका भिंतीला लांबच लांब आरसा. आरशात सगळे टी-शर्टवर, मी एकटा फॉर्मलमध्ये. शिकवणारी जिनत. तिशीतली, कॅम्पातलीच. परदेशात शिकायला गेली आणि डिग्रीबरोबर हा नाच घेऊन आली. मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ बोलते. आल्या आल्या तिने नियम सांगितले. दाराजवळच्या वेताच्या टोपलीत प्रत्येकाने मोबाइल टाकायचा, आणि सहा वाजेपर्यंत टोपलीला हात लावायचा नाही. कोणीतरी विचारलं, अर्जंट असेल तर? ती म्हणाली, एक तास पुणं तुमच्याशिवाय चालेल, चालत आलंय.

दुसरा नियम, दर दोन मिनिटांनी ती 'रोटेट' म्हणते आणि पुरुष एक घर पुढे सरकतात. नवरा-बायको आलेले असले तरी. संख्या विषम असेल तर एक जण दाराजवळ, टोपलीपाशी उभा राहून वाट बघतो. आणि तिसरं, नेणाऱ्याने ढकलायचं नाही, सुचवायचं. दुसऱ्याने अंदाज बांधायचा नाही, ऐकायचं. हे मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये असतंच. मला नवीन नव्हतं.

टोपलीबाबत. माझ्याकडे दोन फोन आहेत. एक जुना नोकिया आणि एक कंपनीचा ब्लॅकबेरी. नोकिया टोपलीत ठेवला. नियम पाळला. ब्लॅकबेरी हा फोन नाही, ती जबाबदारी आहे. ती पँटच्या खिशात, व्हायब्रेटवर.

फिरत फिरत पूर्णिमा माझ्यासमोर आली तेव्हा तिचे हात गार होते आणि ती हसत होती. तसं हसताना तिला बऱ्याच दिवसांनी बघितलं. फार बरं वाटलं. मग मी डाव्याऐवजी उजवा पाय मागे टाकला, तिच्या अंगठ्यावर आलो, आणि रोटेट झालं.

रांगेत माझ्या मागे तात्याराव म्हणून एक गृहस्थ असतात. वय अडुसष्ट. कसबा पेठेत तांब्याची भांडी ठोकण्याचा पिढीजात धंदा. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, त्यांना चालायचा कंटाळा, म्हणून इथे. त्यांना या इंग्रजी नाचातलं काय झेपणार. जमेल तशी मदत करणार आहे.

ग्रुप क्लासचे फायदे इथे लिहीत जाणार. फायदा क्र. १: जोडप्याला एकत्र वेळ मिळतो.

२१ जानेवारी, शनिवार

रॉक-स्टेप जमली. म्हणजे एक पाय मागे, दुसरा जागेवर. जिनत म्हणाली, सर, पाय बरोबर आहेत, फक्त वेळ चुकतेय. पन्नास टक्के डन.

तात्यारावांना ताल लगेच सापडला. नवशिक्याचं नशीब असतं.

पूर्णिमाबरोबर असताना ब्लॅकबेरी थरथरला. ऐन जवळ असताना. तिच्या लक्षात आलं नाही. बाथरूमला जातो म्हणून बाहेर जिन्यात कॉल घेतला, अकरा मिनिटं. क्लायंटचा बग नव्हताच, त्यांनीच चुकीचं बटण दाबलं होतं. परत आलो तोवर तिची माझी फेरी होऊन गेली होती. पुढच्या वेळी दोन फेऱ्या घेऊ.

येताना गाडीत ती फारसं बोलली नाही. व्यायामाने माणूस शांत होतो. फायदा क्र. २.

३० जानेवारी, सोमवार

मोठी घडामोड. एचआरने 'वेलनेस' सुरू केलंय. प्रत्येक मॅनेजरने आपण काय करतो ते लिहून पाठवायचं. सगळ्यांनी 'वॉकिंग' लिहिलं. (बघितलंय त्यांचं वॉकिंग, कँटीनपर्यंत असतं.) मी पानभर लिहिलं आणि रिप्लाय-ऑल मारला. 'ग्रुप डान्स क्लास सातत्याने केल्याचे नऊ फायदे'. पार्टनर बदलत राहिल्याने कुठल्याही माणसाशी जुळवून घेता येतं, ठरलेला वार असल्याने आळस टळतो, चुका सगळ्यांसमोर होतात म्हणून अहंकार गळतो, वगैरे. क्र. ७ ला खास मेहनत घेतली: 'एक तास फोन टोपलीत. कोणतीही सबब नाही. मी हे गेला महिनाभर करतोय आणि माझं आयुष्य बदललं.'

आमचे व्हीपी यज्ञेश्वर सर जागेवर येऊन पाठ थोपटून गेले. मला ३० जूनपर्यंत 'वेलनेस चॅम्पियन' केलंय. दर शनिवारी हजेरी. जिनतची सही महिनाअखेर एचआरला.

म्हणजे आता क्लास सोडता येणार नाही. सोडायचा विचार नव्हताच. फक्त चौथ्या-पाचव्या शनिवारनंतर पूर्णिमाला सवय झाली की मी हळूच बाजूला होणार होतो, इतकंच.

११ फेब्रुवारी, शनिवार

मेलचा परिणाम. माझ्या टीममधले चौघे क्लासला आले. सगळे पुरुष. त्यात तेजस, वय सव्वीस. दारातून आत येताच म्हणाला, सर, तुमच्यामुळे आलो. आता मी आलोच नाही तर कसं दिसेल.

चौघांनी फोन टोपलीत टाकले. माझ्याकडे बघत टाकले. मी नोकिया त्यांना दिसेल असा वर धरून टाकला.

चकरा बंद. (सुरू झाल्या नव्हत्या, तरी नोंद असावी.) वजन ८५. स्नायूंचं असणार.

१० मार्च, शनिवार

पुरुष जास्त, बायका कमी. जिनतने विचारलं, पलीकडच्या रांगेत कोण येईल? कोणी हललं नाही. मग तिने माझं नाव घेतलं. म्हणाली, सरांना दोन्ही बाजू कळलेल्या बऱ्या. सिनिऑरिटीमुळे निवडलं. आता मी नेणारा नाही, माझ्यासमोर येईल तो मला नेणार.

पहिलाच आला तेजस. याच आठवड्यात त्याचं अप्रेझल लिहिलं होतं: 'टेक्निकली चांगला. लीडरशिप कमी. दुसऱ्याचं ऐकून घ्यायला शिकावं.' त्याने माझा हात धरला. दोन पावलांत थांबला आणि फार अदबीने म्हणाला, सर, तुम्ही माझ्या आधीच निघताय. थांबा ना, मी सांगतो. तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा पलीकडून पूर्णिमाचं हसू ऐकू आलं.

मग तात्याराव. त्यांच्या तळव्याला हातोडीचे घट्टे आहेत, पण हात धरला तर धरलाय असं वाटतही नाही. आणि मी फिरलो. खरंच फिरलो, पूर्ण एक गिरकी, पाय आपोआप जागेवर. कसं केलंत, विचारलं. ते म्हणाले, मी काय केलं? एक ठोका दिला आणि थांबलो. तांब्यावर घाईत दुसरा ठोका घातला की भांडं वाकडं होतं. मधे थांबून ऐकावं लागतं. तुम्ही लोक मधलं ऐकतच नाही.

चांगले आहेत स्वभावाने. थोडं तत्त्वज्ञान जास्त.

आता पूर्णिमा आणि मी एकाच रांगेत उभे असतो, म्हणजे एकमेकांसमोर कधीच येत नाही. पण शेजारी शेजारी असतो. फायदा क्र. १ तसा लागू आहे.

२४ मार्च, शनिवार

पूर्णिमाला पत्र आलंय. तिच्याच संस्थेच्या कोल्हापूरच्या कॉलेजात मुख्य ग्रंथपाल. राहायला क्वार्टर. तीस जूनपर्यंत कळवायचं. जून म्हणजे पुष्कळ वेळ आहे.

तुम्हाला काय वाटतं, तिने विचारलं. मी म्हटलं, डिपेंड्स. कशावर, तिने विचारलं. मी म्हटलं, एक्सेल करतो, फायदे-तोटे टाकतो, मग बसून बोलू. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. कौतुकाने असावं, घरची गोष्ट इतकी पद्धतशीर कोण घेतं.

ती जाणार नाही. कुठे कोल्हापूर, कुठे हडपसर. रिस्क: लो.

१४ एप्रिल, शनिवार

तेजस, पूर्णिमा, तात्याराव वगैरे मंडळी आता आठ मात्रांचं काहीतरी करतात, एकमेकांना लांब सोडून परत आणतात. मला जिनतने बेसिकच करत राहा म्हणून सांगितलंय. नवे लोक आले की माझ्याजवळ उभे करते. मी रेफरन्स मॉडेल आहे. क्लास ऑनगोइंग असल्याचा हा खरा फायदा: सगळे पुढे गेले तरी पाया कोणीतरी धरून ठेवावा लागतो. (क्र. ११.)

आज तात्याराव आणि पूर्णिमाने मधोमध येऊन करून दाखवलं. सगळे गोल उभे. ती इतकी हलकी आहे हे मला माहीत नव्हतं. वीस वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं. मी टाळ्या वाजवणार होतो, तेवढ्यात खिसा थरथरला.

१२ मे, शनिवार

गुडघा दुखतोय. दोन शनिवार विश्रांती हवी. शिवाय रिलीज तोंडावर. डॉक्टरकडे चिठ्ठी मागायला गेलो. त्यांनी गुडघा हलवून बघितला आणि म्हणाले, काही झालेलं नाही, नाच वगैरे असं काही करा. केसपेपरवर लिहून दिलं. माझ्याच पैशाने.

जिनतला म्हटलं, आज सही तेवढी करा. ती म्हणाली, बसून बघितलंत तरी करीन, पण यावं लागेल. यज्ञेश्वर सर दर सोमवारी विचारतात, काय चॅम्पियन, कुठवर आलं. टीमचे चौघे शनिवारी दारात माझी वाट बघतात. सुटायला म्हणून जागा राहिलेली नाही. मीच ती नऊ फायद्यांची भिंत बांधली आणि आत बसलो, असं क्षणभर वाटलं. उन्हामुळे असेल.

बसून बघितलं. पूर्णिमाने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. एकाग्रता वाढली आहे तिची.

एक्सेल: तोटे या कॉलममध्ये चौदा ओळी झाल्या. 'सकाळचा चहा कोण', 'कुलूप-किल्ली', 'गॅसचा नंबर'. फायदे तिचे तीन. 'मला करमणार नाही' असंही लिहिलं होतं, पण ते कुठल्या कॉलममध्ये टाकायचं कळेना. डिलीट केलं.

१६ जून, शनिवार

जेवण झाल्यावर तिने एक्सेल बघायला मागितलं. बघितलं. लॅपटॉप बंद केला. म्हणाली, यात तुम्ही कुठे आहात? मी म्हटलं, शीटच्या खाली नाव आहे, 'प्रिपेअर्ड बाय'.

मग ती बोलली. आवाज चढवला नाही.

"तुमच्या खिशातला दुसरा फोन मला पहिल्या शनिवारपासून माहीत आहे. नाचताना माणसाला समोरच्याचं अंग कळतं. सहा महिने मी वाट बघितली, की एका शनिवारी तरी तो टोपलीत पडेल."

मी म्हटलं, रिलीज होतं. ती म्हणाली, सहा महिने?

मी लॅपटॉप चार्जिंगला लावला. वाद वाढवण्यात अर्थ नसतो.

२८ जून, गुरुवार

उद्या ती कोल्हापूरला जातेय, जागा बघायला. शनिवारी साडेपाचला तिथल्या प्राचार्यांना भेटायचं, ते सहापर्यंत बसणार, तेव्हाच हो किंवा नाही सांगायचं. बॅग भरता भरता म्हणाली:

"पाच ते सहा आपला तास आहे ना, त्यातच मी फोन करीन. त्यांच्या केबिनबाहेरून. निर्णय माझा मी घेईन, पण तुम्हाला काय वाटतं ते एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. ये म्हणा, नाहीतर जा म्हणा. तिसरं काही नको. लागला नाही तर परत करीन. तीनदा."

मी म्हटलं, ब्लॅकबेरीवर कर, तो खिशात असतो. ती म्हणाली, माहीत आहे. आणि हसली. जानेवारीतलं हसू नव्हतं ते, पण हसली.

म्हणजे खिशातला फोन शेवटी कामी आला. मी उगाच मनाला लावून घेत होतो.

३० जून, शनिवार. दुपारी ४.१०

ठरलं. मी 'ये' म्हणणार. एक अक्षर. आरशासमोर चारदा म्हणून बघितलं, नीट येतंय. घर दोन दिवसांत अंगावर आलं. काल कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि मी स्वयंपाकघरात उभा राहून तिला हाक मारली. मला ती इथे हवी आहे. हे एक्सेलमध्ये बसत नव्हतं, पण फोनवर बसेल.

तिच्या नंबरला वेगळी रिंगटोन लावली. व्हायब्रेट काढून आवाज फुल ठेवला. चुकायला नको. वाजला की जिन्यात जाणार. जिनतला आधी सांगून ठेवणार, खरं काय ते.

आज चॅम्पियन म्हणूनही शेवटचा दिवस. सुटलो. सगळं ग्रीन आहे.

३० जून. संध्याकाळी ७.२०

लिहिण्यासारखं विशेष नाही. तरी नोंद ठेवतो.

हॉलवर पोहोचलो तर दारात यज्ञेश्वर सर. बरोबर एचआरची मुलगी आणि कॅमेरा. सरप्राइज. न्यूजलेटरसाठी त्यांना क्र. ७ चा फोटो हवा होता, टोपलीचा. सगळे गोल उभे राहिले. मी नोकिया काढला. सर म्हणाले, हा कुठला? आपला ब्लॅकबेरी कुठाय? सगळ्यांसमोर म्हणाले. तेजस माझ्या खिशाकडे बघत होता. त्यालाही माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी ब्लॅकबेरी टोपलीत ठेवला. टाळ्या. फ्लॅश.

पहिल्यांदा वाजला तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. मी तात्यारावांसमोर होतो. आवाज फुल असल्याने गाण्याच्या वर ऐकू आला. लोक हसले. सर एचआरच्या मुलीला म्हणाले, बघ, क्लायंट असेल, तरी हलला नाही. सरांना माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्यांदा वाजला तेव्हा रोटेशनमध्ये वाट बघायची पाळी माझी होती. पूर्णिमा नाही, त्यामुळे संख्या विषम; ती फेरी एक नेणारा माझ्या जागी उभा होता. मी टोपलीपाशीच उभा होतो. स्क्रीनवर तिचं नाव दिसत होतं. हात नुसता खाली न्यायचा होता. समोर सर उभे, त्यांच्या मागे टीम. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. वाटलं, अजून एकदा करणार आहे ती. तिसरा घेऊ. तोवर सर जातील.

सर गेले नाहीत.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हाही मी तिथेच होतो. जिनतने गाणं थांबवलं आणि म्हणाली, "सर, उचला. आज चालेल." तात्याराव जागेवरूनच म्हणाले, "अहो उचला. इतक्या वेळा कोणी उगाच बोलावत नाही."

हॉलमध्ये फक्त ती रिंगटोन. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम."

माझाच आवाज होता. मग वाजायचं थांबलं.

सहाला फोन हातात मिळाला. सर माझ्याशी बोलत जिन्यापर्यंत आले, त्यामुळे सहा वीसला केला. तिने पहिल्या रिंगला उचलला. मी सगळं सांगितलं, सर, कॅमेरा, टोपली. आज मी खरंच फोन टोपलीत टाकला, हेही सांगितलं. ती म्हणाली, "आज टाकलात?"

मग म्हणाली, मी हो सांगितलं त्यांना, इथेच राहतेय. पंधरा जुलैला सामान न्यायला येईन.

मी 'ये' म्हणालो. ती म्हणाली, हो, येईन ना, पंधराला.

७ जुलै, शनिवार. संध्याकाळी ६.४०

न्यूजलेटर आलं. पहिल्या पानावर मी. टोपलीपाशी, दोन्ही हात पाठीमागे, मान ताठ. खाली लिहिलंय, 'कमिटमेंट'. टोपलीत एक स्क्रीन उजळलेली दिसते. नाव वाचता येत नाही.

यज्ञेश्वर सरांनी मला आणखी एक वर्ष चॅम्पियन केलंय. हजेरीची पद्धत तीच. थँक यू लिहून पाठवलं.

क्लासला गेलो. पूर्णिमाच्या जागी नवीन कोणी नाही, त्यामुळे दर फेरीला कोणीतरी एक जण टोपलीपाशी उभा राहतो. आज तीनदा मी होतो. मग तात्याराव मला न्यायला आले. गिरकी दिली आणि थांबले. मीही थांबलो. जिनत म्हणाली, सर, आज वेळ बरोबर येतेय. मी म्हटलं, जानेवारीपासून येतेय.

फायद्यांची यादी परत वाचली. क्र. १ खोडला. त्यामुळे पुढचे सगळे नंबर बदलावे लागतील. उद्या करीन.

आज दोन्ही फोन टोपलीत ठेवले होते. कोणी सांगितलं नव्हतं. आवाज फुल होता. तासभर एकही वाजला नाही.